प्रभारी किलो

कोणत्याही सुधारलेल्या समाजाचा पाया वजन हाच असतो. माणसांचा एकमेकांवर भरवसा नव्हता म्हणून काटा आला, काट्यावर भरवसा नव्हता म्हणून आमचं वजनमापे कार्यालय आलं, आणि आमच्यावर भरवसा नव्हता म्हणून आमच्या वरचं कार्यालय आलं. (वरच्या कार्यालयावर कोणी भरवसा ठेवायचा याबद्दल अजून आदेश आलेले नाहीत.) भाजीच्या तागडीपासून दवाखान्यातल्या बाळांच्या काट्यापर्यंत आमच्या हद्दीतलं वजनाचं प्रत्येक साधन आमच्याकडे येतं, तपासलं जातं आणि शिशाचं सील लेवून परत जातं. मी तिथे मुख्य लिपिक आहे. घरात मला कोणी हिंग लावून विचारत नाही, पण माझ्या सहीशिवाय या हद्दीत एक किलो एक किलो होत नाही, एवढ्या आधारावर माणूस बरीच वर्षं काढू शकतो.

आमच्या जिन्याच्या तोंडाशी, गॅलरीत आणि साहेबांच्या टेबलामागे एकच पाटी आहे: ‘हाताने वजन सांगू नये.’ जिन्यातल्या पाटीखाली दुसरी पाटी आहे: ‘जिन्यात थुंकू नये.’ दुसरी पाटी कोणी पाळत नाही, त्यामुळे पहिलीचं तेज जास्तच उठून दिसतं. आमच्याकडे नवा माणूस रुजू झाला की त्याला पहिली शिकवण हीच मिळते. हात हा भावनेच्या आहारी जाणारा अवयव आहे. स्वतःची पिशवी त्याला जड लागते आणि दुसऱ्याची हलकी. अशा अवयवावर राज्य चालत नाही.

अशा या कार्यालयात शेवाळाचा गोळा आला तो एका परिपत्रकामुळे. प्रत्येक कार्यालयाने मोकळ्या हवेत निदान एक सजीव, हिरवी, शोभेची वस्तू टांगावी, त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चित्त प्रसन्न राहतं, असा त्याचा आशय होता. (चित्त प्रसन्न राहिल्यास रांग पुढे सरकली नाही तरी चालते, हे ओघानेच आलं.) आमच्या साहेबांनी रोपवाटिकेत जाऊन तो गोळा स्वतः निवडला. आता हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रोपाच्या मुळांभोवती ओल्या मातीचा लाडवासारखा गोळा वळायचा, त्यावर हिरवं शेवाळ लपेटायचं, सुतळीने करकचून बांधायचं आणि वरून टांगायचं. कुंडी नाही, बशी नाही, काही नाही. आमच्या गोळ्यात नेच्याचं रोप होतं. दुरून पाहिलं तर कोणाचं तरी हिरवं डोकं केस पिंजारून लटकतंय असं वाटायचं, आणि तरीही चित्त प्रसन्न व्हायचं.

रोपवाटिकेच्या बाई गोळा पोचवायला स्वतः आल्या होत्या. उघड्या गॅलरीत हूक ठोकून त्यांनी तो टांगला आणि पाण्याचं समजावून सांगायला लागल्या.

“बंद खोलीत असता तर एक वेळ विसरलात तरी चाललं असतं. इथे वारा आहे, दुपारचं ऊन आहे, भरभर सुकणार तो. वरून तांब्याने ओतू नका, सगळं ओघळून जातं. बादलीत अख्खा बुडवायचा. बुडबुडे यायचे थांबले की काढायचा, निथळू द्यायचा आणि परत टांगायचा.”

“केव्हा बुडवायचा?” साहेबांनी विचारलं.

“हलका झाला की.”

“हलका म्हणजे किती?”

“किती असं नसतं हो. हातात धरून बघायचं. कळतं.”

“कोणाला कळतं?”

“कुणालाही कळतं,” बाई म्हणाल्या.

 आमच्या भांडारपाल मामांनी हळूच दार लोटून घेतलं, कारण बाहेर रांगेत माणसं होती. बाई गेल्यावर साहेबांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाले, “त्या बाईंना माहीत नव्हतं आपण कुठे उभ्या आहोत ते. झालं गेलं. पण हे इमारतीबाहेर जाता कामा नये.”

लगेच शास्त्रशुद्ध व्यवस्था लावण्यात आली. गॅलरीच्या दाराशी आमचा मूळ काटा आहे. सगळ्या हद्दीतले काटे ज्याच्याशी जुळवले जातात तो हा. रोज सकाळी गोळा हुकावरून उतरवून त्यावर ठेवायचा, सुई पाऊण किलोच्या खाली दिसली की बुडवायचा, निथळल्यावर पुन्हा ठेवायचा. काम मामांकडे आलं, कारण मूळ काटा त्यांच्या ताब्यात असतो आणि बादलीही त्यांच्याच ताब्यात असते.

मामा म्हणजे सगळ्या कार्यालयाचे मामा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकच लेक, ती हद्दीच्या पार दुसऱ्या टोकाला दिलेली. मामांना बोलायला घरी कोणी नसल्यामुळे ते काट्यांशी बोलायचे, आणि गोळा आल्यापासून गोळ्याशी. “चला, अंघोळीला,” म्हणून त्याला बादलीत सोडायचे आणि बुडबुडे थांबेपर्यंत शेजारी उकिडवे बसून राहायचे. उघड्यावरची झाडं सांभाळणं सोपं नसतं. पश्चिमेकडच्या अंगाने शेवाळ पिवळं पडायचं, म्हणून मामा रोज गोळा थोडा फिरवून टांगायचे. एक चिमणी घरट्यासाठी शेवाळ उपटून न्यायची, तिला ते टाळ्या वाजवून हाकलायचे. निथळतं पाणी खाली रांगेतल्या लोकांच्या टकलावर पडायचं, पण वातानुकूलनाचं पाणी पडतंय म्हणजे आत काहीतरी चालू आहे, असा लोकांचा समज होऊन तक्रारींत लक्षणीय घट झाली.

एकदा सुरू झालेलं काम सुट्टीच्या दिवशी थांबत नाही, हे मात्र कोणी ध्यानात घेतलं नव्हतं. उन्हाळा तापला. गोळा संध्याकाळी भरलेला असायचा आणि सकाळी हलका. मामा रविवारी यायला लागले. आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले. मामांनी साठलेली सगळी रजा मागितली.

“साहेब, पोरीचं पहिलं बाळंतपण आहे. तिला आई नाही. मी येतो म्हणून शब्द दिलाय.”

साहेब गहिवरले. त्यांना स्वतःला दोन मुली आहेत. “मामा, मला कळत नाही का? मी बाप आहे. पण गोळ्याचं काय?”

 साहेबांनी आम्हा सर्वांकडे पाहिलं. माझं म्हणाल तर मी आनंदाने बुडवला असता, परंतु मुख्य लिपिकाने बादली उचलल्याचं एकही पूर्वीचं उदाहरण सापडलं नाही, आणि नवं उदाहरण घालून देणं माझ्या स्वभावात नाही. बाकीच्यांना अचानक कामं आठवली. मामांची रजा नामंजूर झाली.  त्या दिवशी गोळा बादलीत नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला, कारण मामा शेजारी बसून भिंतीकडे बघत होते.

मामांची सुटका झाली ती तपासणीमुळे. तिची हकिकत थोडी मागे जाऊन सांगावी लागेल. प्रत्येक वजनमापे कार्यालयात मखमलीच्या पेटीत एक पितळी किलो असतो. बाकीचे सगळे किलो त्याची पिल्लं. आमचा पितळी किलो आधीच्या साहेबांच्या काळात फेरतपासणीसाठी वरच्या कार्यालयात गेला तो गेलाच. पेटीत त्याच्या जागी पोचपावती ठेवली होती. आम्ही पेटी दर आठवड्याला पुसत असू. आणि आता तो किलो जागेवर आहे का हे पाहायला त्याच वरच्या कार्यालयाचे तपासणी अधिकारी आले.

त्यांनी पेटी उघडली. पोचपावती पाहिली. “किलो कुठे आहे?”

“आपल्याकडेच आहे, सर.”

“ते मला माहीत आहे. इथे का नाही?”

 या प्रश्नावर बढत्या थांबलेल्या आहेत. नेमक्या त्याच वेळी गॅलरीतून मामांचा आवाज आला. त्यांनी नुकताच गोळा बादलीतून काढून, निथळून काट्यावर ठेवला होता, आणि एकटा राहणारा माणूस जसा मोठ्याने बोलतो तसे ते बोलले, “वा रे पठ्ठ्या! बरोब्बर एक किलो!”

थोर माणसांना संकटात बुद्धी सुचते. साहेब म्हणाले, “तो पाहा, सर. मूळ पदाधिकारी परत येईपर्यंत पद रिकामं ठेवता येत नाही, म्हणून आम्ही प्रभार दिलेला आहे.”

अधिकारी गॅलरीत आले. सुई एकावर उभी होती, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. त्यांनी गोळ्याला एक प्रदक्षिणा घातली. “हिरवा आहे,” ते म्हणाले.

“परिपत्रकानुसार,” साहेब म्हणाले.

“चित्त प्रसन्न होतं,” अधिकारी म्हणाले. मग त्यांचा चेहरा कडक झाला. “पण याला सील कुठे आहे?”

पक्कड आणली गेली. गोळ्याच्या सुतळीला शिशाचं सील दाबण्यात आलं आणि त्याच क्षणी शेवाळाचा गोळा प्रमाण किलोच्या पदावर चढला. आम्ही टाळ्या वाजवल्या. नेच्याची पानं वाऱ्याने हलली, तीही आम्ही स्वीकृती समजलो.

आता कायदा असा आहे की सीलबंद वजनात काहीही भर घालणं हा गुन्हा आहे. शिसं ओतलं तरी गुन्हा, मेण चिकटवलं तरी गुन्हा, आणि पाणी ही तर वजनाला जड वस्तू. म्हणजे गोळ्याला पाणी घालता येणार नव्हतं. म्हणजे पाणी घालायला माणूस लागणार नव्हता. म्हणजे मामांची रजा अडवायचं कारण उरलं नाही. साहेबांनी तिथल्या तिथे रजा मंजूर केली. मामांनी आनंदाने पिशवी उचलली, आणि दारात थबकले.

“साहेब, पण हा सुकेल.”

“मामा, तो आता सुकू शकत नाही,” साहेब प्रेमाने म्हणाले. “तो किलो आहे.”

मामा गेले आणि मूळ काटा माझ्या ताब्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळा काट्यावर ठेवला तर सुई एकाच्या बरीच अलीकडे. मी साहेबांना दाखवलं. साहेबांनी फक्त एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नासाठी मी त्यांना जन्मभर मानीन. “प्रमाणपत्र कोणाकडे आहे, गोळ्याकडे की काट्याकडे?”

प्रमाणपत्र गोळ्याकडे होतं. काट्याची शेवटची तपासणी तर पितळी किलोवर झालेली, जो स्वतःच बेपत्ता. तेव्हा चूक कोणाची हे उघड होतं. काट्याच्या पाठीमागे एक स्क्रू असतो, तो मी सुई एकावर येईपर्यंत फिरवला. त्यानंतर रोज सकाळी फिरवत गेलो. काटा दिवसेंदिवस बिघडत चालला होता आणि मी त्याला दिवसेंदिवस दुरुस्त करत होतो. इतकं समाधान देणारं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

प्रमाण किलो बदलला की सगळ्या हद्दीतले काटे नव्याने जुळवावे लागतात. म्हणून ‘अचूक वजन मोहीम’ निघाली. दुकानांचे, शाळांचे, व्यायामशाळांचे, दवाखान्यांचे काटे आले, मूळ काट्याशी जुळवले गेले आणि सील होऊन गेले. ज्यांचे आधी आले त्यांचा किलो जरा मोठा राहिला, ज्यांचे नंतर आले त्यांचा लहान. लोकांनी याला दुकानदारांचा स्वभाव असं नाव दिलं.

मोहिमेचे परिणाम थक्क करणारे होते. शाळेतल्या मुलांची वजनं भराभर वाढली. आखाड्यातले पोरगेलेसे पैलवान एका रात्रीत वरच्या गटात गेले आणि तिथे मार खाऊन परत आले. रद्दी विकणाऱ्या घरांत आनंदीआनंद झाला. किलोभर भाजी पिशवीच्या तळाशी दिसायला लागली, पण एकानेही काटा चुकला असं म्हटलं नाही. ‘हल्ली भाजीत काही राम राहिला नाही’ असं म्हणून घरोघरी लोकांनी ज्याने ती शिजवली त्याच्याकडे पाहिलं. तक्रारी आल्या त्या फक्त एका प्रकारच्या: घरातला वजनकाटा आपलं स्वतःचं वजन जास्त दाखवतो. असे काटे काखेत मारून माणसं जिन्यावर गर्दी करत. आम्ही प्रत्येक काटा गोळ्याशी ताडून पाहिला, घरच्या काट्यांचाही बिघाड काढून दिला आणि सील करून परत पाठवला. त्यांचं वजन आणखी वाढलं. घरी जाऊन त्या माणसांनी रात्रीचं जेवण सोडलं. बाजारात जिन्नस कमी आला आणि पोटात भूकही कमी झाली, असा मेळ आजवर कोणत्याही मंडळाला, आयोगाला किंवा समितीला घालता आलेला नाही. तो एका सुकत्या शेवाळाने घातला.

गोळा सुकत होता हे खरं. शेवाळ आधी पोपटी झालं, मग पिवळं, मग काथ्यासारखं. नेच्याची पानं कुरकुरीत होऊन एकेक गळाली. चिमणीने येणं सोडलं. गोळ्याचं वजन मात्र कायम एक किलो होतं.

आता मामांकडे वळतो. पुढचं त्यांनी मला स्वतः सांगितलेलं आहे, आणि चौकशीतही तेच आलं. लेक दवाखान्यात दाखल झाली आणि नातू झाला. वेळेच्या बराच आधी झाला. सिस्टरने बाळाला काट्यावर ठेवलं, सुई तीनच्या पुढे गेली. “छान वजन आहे हो काका! नशीबवान आहात!” असं म्हणून तिने बाळ गुंडाळून आजीच्या, म्हणजे मामांच्या विहीणबाईंच्या हातात दिलं. त्या दवाखान्यात दोन किलोच्या आतल्या बाळाला काचेच्या पेटीत उबेत ठेवायचा नियम आहे. हे बाळ तीनच्या वर, त्यामुळे त्याला दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं ठरलं.

विहीणबाईंनी बाळ घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “अहो व्याही, हे पोर हलकं आहे.”

“तीन किलो शंभर आहे, विहीणबाई.”

“असेल. पण हलकं आहे. मी चार काढलीत. रडतही नाहीये बघा नीट. हातात धरून बघा तुम्ही.”

मामांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. “तसं करता येत नाही. काट्याला सील आहे आमच्या ऑफिसचं.”

“अहो, तुमचं ऑफिस राहू द्या तिकडे! नातू आहे तुमचा. धरा!”

विहिणीला नाही म्हणणं कायद्यात बसत असलं तरी व्यवहारात बसत नाही. त्यांनी बाळ मामांच्या हातांवर ठेवलंच. मामा म्हणतात, “मला एकदम गोळा आठवला. सकाळी हुकावरून काढताना लागायचा ना, पाणी प्यायच्या आधी, तस्सा.” मामांनी आयुष्यात पहिल्यांदा हाताने वजन सांगितलं. ते म्हणाले, “हे सुकलंय.”

मग ते सिस्टरकडे धावले. काटा चुकलाय म्हणाले. सिस्टरने काट्याच्या अंगचं सील दाखवलं. “काका, मोहिमेत गेला होता तुमच्याकडेच. अगदी शेवटच्या गाडीला आला बघा. एवढ्या नव्या सीलचा काटा कसा चुकेल?” मामांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, बाळ जरा मलूल आहे खरं, पण पेटी एकच रिकामी आहे, नियम दोन किलोचा आहे आणि सुई तीनवर आहे, तेव्हा मी तरी काय करणार? लेक खाटेवरून बापाच्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, “बाबा, बाळ बरं आहे ना?” मामांचं सगळं आयुष्य सुई सांगेल तेवढंच खरं मानण्यात गेलेलं. त्यांना तिच्याकडे बघवेना.

त्यांनी बाळाला पुन्हा काट्यावर ठेवलं. खिशातून चिल्लर काढली. सील नखाने उचकटलं, आणि नाण्याची कड स्क्रूच्या खाचेत घालून ते फिरवत राहिले. सुई तीनवरून अडीचवर आली. अडीचवरून दोनवर. मामा थांबले नाहीत. दोनच्या खाली उतरली तशी सिस्टर किंचाळली, “अगं बाई, हे तर पेटीतलं बाळ आहे!” आणि काटा चुकीचा आहे की बरोबर हे कोणी विचारायच्या आत बाळ काचेच्या पेटीत होतं.

बाळ सुधारलं. किती सुधारलं ते सांगता येत नाही, कारण त्या काट्याचं आता काय करायचं यावर पत्रव्यवहार चालू आहे. पण मामा म्हणतात, ते भरपूर रडतं.

रजा संपवून मामा परत आले ते तडक गॅलरीत गेले. गोळ्याकडे पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग कोणाला काही न विचारता बादली भरली, सील तोडलं आणि गोळा पाण्यात सोडला. तो बुडेना. लाकडासारखा तरंगायला लागला. मामांनी दोन्ही हातांनी तो पाण्याखाली दाबून धरला. बुडबुडे यायला लागले ते थांबेचनात. आम्ही सगळे दारात उभे राहून ते बघत होतो. 

चौकशी झालीच. आरोप दोन: दवाखान्याच्या काट्याचं सील तोडून स्क्रू फिरवणे, आणि कर्तव्यावर असलेल्या किलोला पाणी पाजणे.

“स्क्रू किती फिरवलात?” साहेबांनी विचारलं.

“पेटी मिळेपर्यंत,” मामा म्हणाले.

“त्याला कोणतं प्रमाण लावलंत?”

“बाळाचं.”

साहेबांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. ते बाप आहेत हे मी वर सांगितलंच आहे. त्यांनी शिक्षा अशी दिली की यापुढे मामांनी कोणत्याही काट्याला हात लावायचा नाही. त्यांनी फक्त गोळा बघायचा.

पण भिजलेला गोळा पुन्हा किलोच्या पदावर बसला होता आणि सील त्याला नव्याने मारलेलं होतं. त्यामुळे मला मूळ काट्याचा स्क्रू उलटा फिरवावा लागला, आणि सगळ्या हद्दीतले काटेही उलटे फिरले. हाहाकार उडाला. मुलं एका आठवड्यात वाळली म्हणून पालक शाळेवर चालून गेले. दुकानदारांनी किलोत जास्त माल जातो म्हणून निषेध केला. रद्दीवाले सोडून बाकी सगळे रद्दीवाल्यांवर ओरडले. घरच्या काट्यावर उभ्या राहणाऱ्यांनी मात्र काही कळवलं नाही. तेव्हा साहेबांनी लोकशाही मार्ग पत्करला आणि किलो ओला असावा की सुका, यावर जनतेच्या सूचना मागवल्या.

सूचनांचा पाऊस पडला. त्यांचा सारांश असा: विकत घेताना ओला, विकताना सुका. मुलांसाठी सुका, स्वतःसाठी ओला. सामान घेऊन विमानात बसताना शक्य तेवढा ओला. जेवढा असेल तेवढा असू द्या, असं कळवणारं कोणीही निघालं नाही. एकट्या विहीणबाई समक्ष आल्या. कडेवर नातू होता. त्यांनी तो साहेबांच्या टेबलावर आडवा केला आणि म्हणाल्या, “धरून बघा.” साहेबांनी पाटीकडे बोट दाखवलं. विहीणबाईंनी पाटी वाचली, बाळ परत उचललं आणि म्हणाल्या, “बरं झालं तुम्ही डॉक्टर नाही झालात.”

जनमताचा आदर करून आम्ही आता दोन किलो ठेवले आहेत. पूर्वेच्या हुकाला जुना गोळा आहे, त्याला रोज पाणी मिळतं, कारण ओलेपणा आता त्याच्या प्रमाणपत्रातच लिहिलेला आहे. पश्चिमेच्या हुकाला नवा आहे, त्याला मिळत नाही. (नवा आणायला मी गेलो तेव्हा रोपवाटिकेच्या बाईंनी विचारलं, “सुकवायलाच नेताय का?” मी म्हणालो, “प्रमाणित करायला.”) काटा जुळवायला आणणाऱ्याला आम्ही फक्त एवढंच विचारतो: ओला की सुका? मोठी सोय झाली आहे. मध्यंतरी वरच्या कार्यालयातून आमचा पितळी किलोही परत आला, तपासून, ठणठणीत. पण पद रिकामं नसल्यामुळे सध्या तो साहेबांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली ठेवला आहे.

जुन्या गोळ्याला मधोमध एक हिरवा कोंब आला आहे. परवा लेक नातवाला घेऊन आजोबांना भेटायला आली होती. मामा गॅलरीत होते. त्यांनी एका हातात निथळता गोळा घेतला, दुसऱ्या हातावर नातू घेतला, दोन्ही वरखाली करून पाहिले आणि म्हणाले, “हा जड!” नातवाने गोळ्याचं शेवाळ उपटून तोंडात घातलं. पाटीखाली हे सगळं चाललं होतं. मी वर्दी देणार होतो, पण कोणाची द्यायची ते सुचलं नाही.

असो. वाचक म्हणाल, असल्या खुळचट कार्यालयाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. मागे एकदा सकाळी तुम्ही घरातल्या काट्यावर उभे राहिलात, सुई थोडी मागे दिसली आणि ‘हं, उतरलं जरा’ म्हणून खाली उतरलात. आमच्याकडून कोणत्या गोळ्याचं सील लागून आलंय हे पाहायला तुम्ही काटा उलटा केला नाहीत. सुई पुढे दिसली असती तर केला असतात. झटकून, दुसऱ्या फरशीवर ठेवून, चप्पल काढून, पुन्हा उभे राहिला असतात. म्हणून तुमच्या काट्याला आम्ही न विचारता ओलाच लावतो.